दुसऱ्याचा बोल्ट

नोला प्रुइट 'बरं' हा शब्द वर्षातून एखाद-दोनदा वापरायची, आणि तोही बहुधा पाद्र्याने प्रवचन संपवलं की. एरवी तिचा शब्द 'का?'. आमच्या अलाबामात बाईमाणसाने मालकाला 'का' विचारायची पद्धत नाही. नोलाला ही पद्धत कोणी सांगितलीच नसावी, किंवा सांगितली तेव्हा तिने 'का?' विचारलं असावं.

गार्लंड टीगच्या गोदामात ती शेवटच्या टेबलावर बसायची. देशोदेशीच्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफली आमच्याकडे लाकडी पेट्यांतून येत. आम्ही बायका त्यांच्या अंगावरचं घट्ट तपकिरी ग्रीस धुऊन काढायचो, नळीतून चिंध्या ओढायचो, दस्त्याचं लाकूड पुसायचो. कायद्याने लागतो तो आयात करणाऱ्याचा शिक्का नळीवर उठला की रायफल नोलापुढे जायची. ती तपासायची, प्रत ठरवायची आणि चापाच्या कडीला तारेने एक चिठ्ठी बांधायची. नळी कशी, लाकूड कसं, नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता बोल्ट कसा, हे तिच्या गोलसर अक्षरात आणि खाली शाईचा ठसा: एन. पी. देशभरातले हौशी लोक कॅटलॉग बघून दुकानदारांकडे मागणी नोंदवत आणि वर लिहीत, 'एन. पी. वालीच पाठवा.' हा एन. पी. कोणी बाप्या असणार अशी बहुतेकांची समजूत होती. एकाने ख्रिसमसला सिगारची पेटी पाठवली. नोलाने ती दोन महिन्यांत ओढून संपवली.

मी अर्डिस टकर. शेजारच्या टेबलावरची. त्याआधी बावीस वर्षं आम्ही दोघी गावातल्या शर्टांच्या गिरणीत शेजारीशेजारी होतो. ती बाह्या लावायची, मी कॉलर शिवायचे. गिरणी उठून परदेशी गेली तेव्हा आम्हा सहा जणींना मिस्टर गार्लंडने गोदामात घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "बायांनो, बंदुकीतलं तुम्हाला काही कळायची गरज नाही. फक्त धुवा." तपासायला तेव्हा सार्जंट पीक होता, सैन्यात तीस वर्षं हत्यारं दुरुस्त केलेला खवचट म्हातारा. नोलाने त्याला इतक्या वेळा 'का' विचारलं की कंटाळून त्याने तिला सगळं शिकवून टाकलं. मरताना आपली गेजंही तिलाच दिली, पोटच्या पोराला नाही. पोरगा विकून बिअर पिईल, म्हणाला.

गेज म्हणजे अंगठ्याएवढा पोलादाचा तुकडा. दोन असतात. तिच्या एका गेजाला हिरवा रंग लावलेला, दुसऱ्याला लाल. काडतुसाच्या जागी हिरवं ठेवलं की बोल्ट बंद व्हायलाच हवा. लाल ठेवलं की बंद होता कामा नये. लालवरही बंद झाला तर आत जागा जास्त आहे. गोळी झाडली की पितळी काडतूस फाटणार आणि सगळा जाळ उलटून झाडणाऱ्याच्या तोंडावर येणार. बंदुकीची परीक्षा एवढीच. बाकी चकाकी, कोरीव शिक्के, अक्रोडाचं लाकूड, ही सगळी हौस.

नोलाच्या उजव्या गालावर निळसर बारीक ठिपके होते. नवी माणसं त्यांना तीळ समजत. एकोणीस वर्षांची असताना बापाने टपालाने मागवलेली सैन्याची रायफल तिने परसात झाडली होती. तिला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'उत्तम, वापरास तयार'. पितळेचे कण अजून कातडीखाली होते, डोळा नशिबाने वाचला. "तो 'उत्तम' लिहिणारा मी अजून शोधतेय," ती म्हणायची. "सापडला की गाल पुढे करणार आणि म्हणणार, वाच बाबा, तुझंच अक्षर आहे."

काम ओळखावं तर तिनेच. एकदा बेचाळीस सालच्या रशियन रायफली धुताना आमच्यातली एक हसली, "काय हे काम! कानशीचे ओरखडेसुद्धा पुसले नाहीत. आपल्या गिरणीत असलं बटणही कोणी पास केलं नसतं."

नोलाने तिचं मनगट धरलं. "हे वरचे ओरखडे दिसतात ना? आता इथे आत बोट घाल. बोल्ट बसतो तिथे. काय लागतं?"

"गुळगुळीत आहे."

"शत्रू वेशीवर आला होता त्यांच्या. जिथे चूक झाली तर आपलंच माणूस मरेल, तिथे त्यांनी वेळ दिला. बाकी सोडून दिलं. घाई आणि कामचुकारपणा यांतला फरक कळत नसेल तर गपगुमान धू."

ती बाई पुढे चार दिवस नोलाशी बोलली नाही. नोलाला ते कळलंसुद्धा नाही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात सहाशे रायफलींचा माल आला. पूर्व युरोपातली सैन्यं तेव्हा मोडत होती आणि त्यांची कोठारं कवडीमोलाने निघत होती. या वेळी रायफली वेगळ्या पेट्यांत आणि बोल्ट वेगळ्या पेट्यांत, खिळे भरावेत तसे भरलेले. रायफलीवर जो नंबर असतो तोच तिच्या बोल्टवर असतो. कारखान्यात दोघांची एकमेकांशी जोडी जमवूनच नंबर घालतात. आम्ही दोन दिवस पेट्या उपसल्या. एकही नंबर जुळेना. कुठल्यातरी तिसऱ्याच कोठारातले बोल्ट आमच्या माथी मारले होते.

कॅटलॉग मात्र आधीच छापून गेला होता. पहिल्याच पानावर: 'सर्व नंबर जुळणारे. एन. पी. यांनी तपासलेले.'

नोलाने तक्रार न करता कामाला हात घातला. एकेका रायफलीला एकेक बोल्ट लावून बघितला, हिरवं घातलं, लाल घातलं, जमला नाही तर दुसरा लावला. पाच आठवडे लागले. मग एका सकाळी मिस्टर गार्लंड मूठभर चिठ्ठ्या घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

"हे काय लिहिलंयस, नोला?"

"का, चष्मा घरी राहिला?"

"'बोल्ट दुसऱ्याचा.' सगळ्या चिठ्ठ्यांवर?"

"सगळे बोल्ट दुसऱ्यांचेच आहेत, मिस्टर गार्लंड. मी काय करू?"

"पण बसतायत ना?"

"दुसऱ्याचा जोडाही पायात बसतो. कोसभर चाललं की कळतं." तिने लाल रंगाच्या मांडणीकडे बोट दाखवलं. "पाचशे बासष्ट चालतील. चिठ्ठीवर खरं लिहून विका, कोणी नाही म्हणणार नाही. त्या अडतीस लालवर बंद होतात. कुठलाही बोल्ट लावा, होतातच. त्या झाडायच्या नाहीत."

"अगं, या रायफली झाडतं कोण? लोक भिंतीवर टांगतात."

"मग चिठ्ठीवर लिहा, 'भिंतीवर टांगा'. मी आनंदाने ठसा मारते."

"ठसा माझ्या कंपनीचा आहे, नोला."

"रबर तुमचं आहे. नाव माझं आहे."

आम्ही बायका चिंध्यांत तोंडं खुपसून हसलो. हसायला नको होतं. मिस्टर गार्लंड वाईट माणूस नव्हता असं लोक म्हणतात. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, कोणी मेलं तर हॅम पाठवायचा. पण बायकांसमोर हसं झालेलं त्याला कधी सोसायचं नाही. तो म्हणाला, "मग नाव घे आणि घरी जा."

नोलाने खुर्चीवरची उशी घेतली, थर्मास घेतला, सार्जंट पीकची गेजं रुमालात बांधली. ड्रॉवरमधला ठसा उचलायला गेली तर त्याने ड्रॉवरवर हात ठेवला. तिने त्या हाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "ठेवा," म्हणाली. "पण मिस्टर गार्लंड, तो कुठेही मारताना मी बघत असणार."

आता माझं सांगते. सांगायला लाज वाटते, पण नोलाचं सांगायचं आणि माझं झाकायचं, हे काही सांगणं नव्हे.

माझ्या नवऱ्याची, व्हर्ननची, दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागायचं, आणि त्याचा विमा माझ्या नोकरीवर होता. मिस्टर गार्लंडला हे ठाऊक होतं. नोला गेली त्याच आठवड्यात तो माझ्या टेबलापाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि मवाळ आवाजात म्हणाला, "अर्डिस, तुझ्यासारखा सरळ हात आख्ख्या काउंटीत नाही. व्हर्नन कसा आहे?"

दोन्ही वाक्यं एका दमात. मी काय समजायचं ते समजले.

काम असं होतं: बोल्टवरचा जुना नंबर बारीक दगडाने घासून काढायचा आणि तिथे रायफलीचा नंबर आकडे कोरलेल्या पोलादी पंचाने ठोकायचा. वरून जुनाट दिसावं म्हणून औषध लावायचं. त्या औषधाला सडक्या अंड्यांचा वास यायचा, तो जेवतानाही बोटांना असायचा. आकडे वाकडे पडू नयेत म्हणून मी लाकडाचा साचा केला, बोल्ट त्यात अडकवायचा आणि पंच पट्टीला लावून ठोकायचा. वाईट काम करायचं तर तेही नीटच करायचं, ही माझी खोड. तीन आठवड्यांत सहाशे झाले. मिस्टर गार्लंडने एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "वा अर्डिस! काय हात आहे!"

मला बरं वाटलं. या सगळ्यातलं सर्वांत वाईट काही असेल तर ते हेच, की मला तेव्हा बरं वाटलं.

लाल मांडणी एका सोमवारी रिकामी दिसली. त्या अडतीस रायफली बाकीच्यांत मिसळल्या होत्या. प्रत्येकीला नवी चिठ्ठी: 'उत्तम. नंबर जुळणारे.' खाली ओल्या शाईत एन. पी. जेवणाच्या सुट्टीत मिस्टर गार्लंड स्वतः नोलाच्या खुर्चीत बसून ठसे मारत होता. मी दारातून बघितलं आणि चिंधी घेऊन मागे वळले.

त्याच रविवारी नोला आमच्याकडे आली, व्हर्ननसाठी कोंबडीच्या रश्श्यातले उकडलेले गोळे घेऊन. त्याच्याशी अर्धा तास बेसबॉलवर भांडली. निघताना दारात मला विचारलं, "लाल मांडणी तशीच आहे ना गं?"

"मी त्या बाजूला जात नाही फारशी," मी म्हटलं.

ती माझ्या बोटांकडे बघत होती. "मीठ कमी घातलंय त्यात," म्हणाली, "त्याला चालेल." आणि गेली.

नोव्हेंबरात काउंटीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरला. दरवर्षी भरतो. दारात शेरीफचा माणूस येणाऱ्या प्रत्येक बंदुकीचा बोल्ट प्लास्टिकच्या पट्टीने बांधतो, मगच आत सोडतो. आमची चार टेबलं लागली होती, रायफली ओळीने मांडलेल्या. मी कंपनीचं नाव छापलेला एप्रन घालून मागे उभी. माल सकाळपासूनच खपू लागला. लोक चिठ्ठी उलटून ठसा बघत आणि दुसरं काही न बघता पाकीट काढत. मी कागद गुंडाळून द्यायचे, "धन्यवाद, सर" म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, ही त्या अडतीसपैकी तर नसेल?

दहाच्या सुमारास मी मान वर केली तर समोर नोला. आमच्या समोरच तिचा मामेभाऊ उकडलेल्या शेंगा विकायला बसतो. त्याच्या पातेल्याशेजारी घडीची खुर्ची टाकून ती बसली होती. मांडीवर रुमाल, रुमालात गेजं, आणि पायाशी पुठ्ठा: 'रायफल तपासून मिळेल. फुकट.'

मिस्टर गार्लंड तरातरा गेला. "नोला, ऊठ इथून."

"का?"

"तू माझ्या धंद्यात खोडा घालतेयस!"

"तिकीट काढून आत आलेय. खुर्ची घरची आहे. जागा मामेभावाची." तिने कागदाचा द्रोण त्याच्यापुढे धरला. "शेंगा खा. तोंड लाल झालंय तुमचं, बसा जरा."

शेंगा घ्यायला उभे असलेले लोक खिदळले. तो परत आला तेव्हा कानांपर्यंत लाल होता.

तरीही तिच्याकडे कोणी गेलं नसतं. चिठ्ठीवर एन. पी. आहे म्हटल्यावर तपासायचं काय? आणि हीच ती एन. पी., हे त्या गर्दीत मोजक्या लोकांना माहीत. त्यांतला एक डॉक हॉलिस मँगम. चाळीस वर्षं आमच्या काउंटीचे दात उपटून निवृत्त झालेला, घरभर रायफली, आणि दातांचं काम करतानाचं कपाळावरचं भिंग अजून सुटलेलं नाही. तो आमच्या टेबलाशी आला, एक बोल्ट भिंगातून बघितला, दुसरा बघितला, असे सात-आठ बघितले.

"गार्लंड," तो मोठ्याने म्हणाला. त्याला हळू बोलता येतच नाही. "या बेचाळीसच्या ना रे?"

"चिठ्ठीवर आहे, डॉक."

"चिठ्ठी राहू दे. रायफलीवरचा नंबर बघ. एक आकडा वर, एक खाली, तिसरा आडवा पडलाय. डोक्यावर विमानं घिरट्या घालत असताना ठोकलेला. आणि बोल्टवरचा बघ! सगळे एका रेषेत. सगळ्या रायफलींचे! लेका, मी जन्मभर तोंडात डोकावलोय. खरे दात वेडेवाकडे असतात. एवढ्या सरळ ओळीत फक्त कवळी असते."

ज्या साच्याचं मला कौतुक होतं त्यानेच चोरी पकडून दिली होती. कॉलर शिवणाऱ्या बाईला सरळ ठोकल्याशिवाय राहवलं नाही, आणि कोणाला सुचलंही नाही की लढाईतल्या कारखान्यात कोणी इतकं सरळ ठोकत नाही.

लोक जमले. मिस्टर गार्लंडने एकदा गर्दीकडे बघितलं आणि हात वर केले. "मला काय विचारतोस, हॉलिस? मी माल विकतो, तपासत नाही. तपासणारी ती बसलीय समोर. ठसा तिचा आहे. असलेच उद्योग करायची म्हणून तर तिला काढली!"

सगळ्या माना शेंगांच्या पातेल्याकडे वळल्या.

नोला उठून आली. टेबलावरची एक चिठ्ठी उलटून वाचली. "ठसा माझा आहे," म्हणाली. "अक्षर माझं नाही."

"हे ती म्हणणारच!" मिस्टर गार्लंड गर्दीला म्हणाला.

"नोला," डॉक म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "तुझ्या ठशाच्या भरवशावर मी अकरा रायफली घेतल्यात. नातवंडांच्या हातात दिल्यात."

तिचा चेहरा मी बावीस आणि पाच अशी सत्तावीस वर्षं बघत होते, पण असा कधी पाहिला नव्हता. ज्या माणसाला ती जन्मभर शोधत होती, तो 'उत्तम' लिहिणारा, तीच आहे असं चारचौघांत ठरत होतं. तिने एक रायफल उचलली, खिडकीच्या उजेडात नेली आणि बोल्टवरच्या आकड्यांच्या ओळीवरून नख फिरवलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. तिला कळलं होतं. बावीस वर्षं ती याच हाताच्या शिवणीला बाह्या जोडत आली होती.

एक नाव घ्यायचं होतं तिने, की सुटली असती.

तिने रायफल जागच्या जागी ठेवली. "कोणी ठोकलं ते मी सांगणार नाही," म्हणाली. "ठोकायला कोणी लावलं ते मिस्टर गार्लंडना विचारा. आणि मला काय म्हणायचं ते म्हणा, पण यांतल्या अडतीस रायफली तोंडावर फुटणाऱ्या आहेत. आधी तपासून घ्या, मग मला शिव्या द्या. मी इथेच आहे, पळून जात नाही."

कोणी हललं नाही. कोण हलणार? चोर म्हणून जिच्याकडे बोट दाखवलंय तिच्याकडे बंदूक तपासायला कोण देतं?

माझ्या डोळ्यांसमोर व्हर्नन होता, खुर्चीला टेकून, हातात नळ्या घातलेला. तो पुढे चार वर्षं जगला आणि विम्याचं काय करायचं ते आम्ही रडतखडत निभावलं, पण त्या घडीला मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं मी त्याला मारतेय. खरंच तसंच वाटलं, आणि तरी माझं तोंड उघडलं.

"मी ठोकलेत," मी म्हटलं.

"अर्डिस!" मिस्टर गार्लंड पुटपुटला. "अगं व्हर्ननचा विचार कर."

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. "त्याचं नाव घेऊ नका तुमच्या तोंडाने! तीन आठवडे त्याचाच विचार करून ठोकत होते मी. सहाशेच्या सहाशे. जुने नंबर घासून काढले आणि नवे मारले. नोलाने चिठ्ठ्यांवर खरं लिहिलं होतं, त्या तुम्ही फाडल्या. तिच्या खुर्चीत बसून तिचा ठसा तुम्ही मारलात, मी दारातून बघत होते. आणि तिने बाजूला काढलेल्या अडतीस यांच्यातच मिसळल्यात. सकाळपासून किती गेल्या, मला माहीत नाही."

"सोमवारी येऊ नकोस कामावर."

"सोमवार कोणी पाहिलाय? मी आत्ताच चालले." एप्रनची गाठ सुटेना. शेवटी डोक्यावरून ओढून काढला आणि त्याच्या चिठ्ठ्यांवर टाकला.

समोर जाऊन उभी राहिले तर नोलाने मला नखशिखान्त न्याहाळलं. मला वाटलं मिठी मारेल, किंवा थोबाडीत देईल. दोन्ही चाललं असतं.

"सहाशेत एक तरी वाकडा मारायचास, गाढवे," ती म्हणाली. मग शेंगांचं पोतं पायाने सरकवून जागा केली. "बस. हिरवं मी घालते, लाल तू."

शेरीफचा माणूस पट्ट्या कापायची कात्री घेऊन आपणहून आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. डॉक हॉलिसने गर्दीला हाकललं, "रांग लावा, रांग! ज्याने सकाळी घेतली तो पुढे." पाचएक मिनिटांत रांग दारापर्यंत गेली. मिस्टर गार्लंड टेबलावरचा माल भराभर पेट्यांत भरत होता.

पहिल्या तीन रायफली चांगल्या निघाल्या. प्रत्येकीची चिठ्ठी नोलाने फाडली, मामेभावाच्या शेंगांच्या पुड्यांचा कागद घेऊन त्यावर लिहिलं, 'बोल्ट दुसऱ्याचा. झाडायला हरकत नाही.' खाली ठसा नव्हता, म्हणून पूर्ण नाव लिहिलं.

चौथा माणूस चाळिशीचा, लाकूडतोड्यांच्या बुटांतला, घाईत. "लवकर होईल ना, मॅडम? इथून तसाच बंद पडलेल्या खाणीवर जाऊन झाडणार आहे. बायकोने जेवणसुद्धा बांधून दिलंय."

नोलाने हिरवं घातलं. बोल्ट बंद झाला. तिने रायफल माझ्याकडे दिली. मी लाल घातलं आणि बोल्टचा दांडा एका बोटाने खाली दाबला. अडायला हवा होता. तो लोण्यातून गेल्यासारखा खाली गेला आणि बसला. वर माझे आकडे होते, एका रेषेत.

मी नोलाकडे बघितलं. ती बोलणार नव्हती. हे माझ्याच तोंडून यायचं होतं.

"ही झाडायची नाही, सर," मी म्हटलं. "हिचा बोल्ट दुसऱ्याचा आहे. वरचा नंबर खोटा आहे, मी ठोकलाय. दुपारी ही झाडली असतीत तर तुमचं तोंड गेलं असतं."

"तुम्ही ठोकलाय?"

"मी."

तो शिवी देईल म्हणून मी मान ताठ ठेवून वाट बघितली. त्याने दिली नाही. फक्त म्हणाला, "मी जरा बसू का इथे?" आणि शेंगांच्या पोत्यावर टेकला. हातातला जेवणाचा डबा त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

नोलाने लाल गेज पुसलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"सदतीस राहिल्या," ती म्हणाली, आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "पुढचा कोण?"